ऑल-इन-वन प्रिंटरचा खरा स्पीड आणि एका पानाचा खरा खर्च घरच्या घरी कसा मोजायचा

तालुक्याच्या गावाला माझं छोटं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, एसटी स्टँडच्या जवळच. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, आधारची कलर कॉपी, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, कॉलेजची प्रोजेक्टं, असलं सगळं दिवसभर चालू असतं. पहिला प्रिंटर घेताना मी खोक्यावरचा आकडा बघून घेतला, मिनिटाला ३३ पानं असं मोठ्ठ्या अक्षरात छापलेलं होतं आणि मला वाटलं झालं काम. नंतर कळलं की तो आकडा ड्राफ्टचा, म्हणजे एकदम फिकट प्रिंटचा, आणि तसा दाखला छापून दिला तर तहसीलच्या खिडकीवरनं माणूस परत पाठवतात. तेव्हापासून मी कुठलाही प्रिंटर घेतला, किंवा कुणी मला विचारलं कुठला घेऊ, की आधी मोजतो आणि मग बोलतो. ते मोजायचं कसं हे सगळं इथे लिहितोय, घरी एक प्रिंटर असणाऱ्यालाही जमेल असं.

आधी खोक्यावरचे आकडे वाचायला शिका, कारण ते खोटे नसतात, फक्त आपल्या कामाचे नसतात. एप्सनच्या एल३२१० किंवा एल३२५० चं उदाहरण घ्या, ड्राफ्टमध्ये ३३ पानं लिहिलेलं असतं आणि त्याच माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात आयएसओ २४७३४ प्रमाणे ब्लॅक १० आणि कलर ५ असं पण असतं. हा दुसरा आकडा धरायचा. आयएसओ २४७३४ म्हणजे स्पीड मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत, त्यात वर्ड, एक्सेल आणि पीडीएफ अशा साध्या ऑफिसच्या फाइल प्रिंटरच्या नेहमीच्या सेटिंगवर छापून बघतात. कॉपीच्या स्पीडसाठी वेगळं आहे, आयएसओ २४७३५, आणि पहिलं पान किती सेकंदात बाहेर येतं त्यासाठी आयएसओ १७६२९. शाई किती पानं पुरेल त्याच्यासाठी इंकजेटला, म्हणजे पातळ शाईवाल्याला, २४७११ आणि ब्लॅक लेझरला, म्हणजे काळ्या पावडरवाल्याला, १९७५२. दुकानदाराला हे नंबर विचारले की तो गोंधळतो, पण कंपनीच्या माहितीपत्रकात ते सापडतात. जिथे आयएसओ लिहिलेलं नाही तो आकडा सरळ सोडून द्या.

आता माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे प्रिंटरसमोर जो माणूस उभा असतो त्याला चाळीस पानं नको असतात, एक किंवा दोन पानं हवी असतात. "दादा, गाडी लागलीय, पटकन एक प्रिंट काढा" म्हणणाऱ्याला मिनिटाला किती पानं याचं काही पडलेलं नसतं, त्याला पहिलं पान कधी हातात येतंय तेवढंच बघायचं असतं. म्हणून स्पीड मोजताना पहिल्या पानाचा वेळ वेगळा आणि सलग छपाईचा वेग वेगळा, हे दोन्ही कधी मिसळायचे नाहीत.

मोजायच्या आधीची तयारी

कागद एकच ठेवा. ७५ जीएसएमचं साधं ए४ रीम घ्या, आणि ते कोरडं पाहिजे, पावसाळ्यात उघडं राहिलेलं रीम वापरलंत तर कागद ओलसर होऊन दोन दोन पानं एकदम ओढली जातात आणि तुमची मोजणी वाया जाते. मी जूनपासून उघडं रीम प्लास्टिकच्या डब्यात ठेवतो, कोकणातल्या माझ्या मेव्हण्याकडे तर कपाटात बल्ब लावून ठेवतात.

जोडणी यूएसबी केबलने करा. वायफाय नंतर वेगळं मोजा, कारण बरेच स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि राउटर लांब असला की उशीर नेटवर्कचा होतो पण नाव प्रिंटरचं खराब होतं. इंकजेट असेल तर आधी नोझल चेक, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं तपासायचं रेघांचं पान काढा, एखादी रेघ तुटलेली दिसली तर आधी ती नीट करा मगच पुढे जा. क्वालिटी 'स्टँडर्ड' किंवा 'नॉर्मल', दोन्ही बाजूंची छपाई बंद, कागदाचा प्रकार 'प्लेन'. ही सेटिंगं एका वहीत लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी परत मोजताना आठवत नाही काय ठेवलं होतं.

मग टेस्टच्या फाइल. इंटरनेटवरच्या इंग्रजी टेस्ट पेजवर भागवू नका, तुमच्या कामाचीच कागदं घ्या. माझ्या फोल्डरमध्ये चार आहेत: एक पानाचा सातबारा पीडीएफ, २० पानांची नुसत्या मजकुराची मराठी वर्ड फाइल, मोबाइलवर स्कॅन केलेली दहा पानांची जड पीडीएफ, आणि शाळेच्या प्रोजेक्टचं एक कलर पान ज्यात अर्ध्या पानाचा फोटो आहे. नावं गावं खरी नसलेली फाइल ठेवा, कुणाचं खरं आधार किंवा उतारा टेस्टसाठी कॉम्प्युटरवर पडू देऊ नका.

स्पीड

स्टॉपवॉच हातात धरून मोजलं तर एक दोन सेकंद इकडे तिकडे होतातच. सोपा उपाय म्हणजे मोबाइल एका डब्याला टेकवून व्हिडिओ चालू करा, त्यात माउसचा क्लिक ऐकू आला पाहिजे आणि ट्रे दिसला पाहिजे. नंतर व्हिडिओ पुढे मागे करून वेळ लिहायची. क्लिकपासून मोजायचं, प्रिंटर हलायला लागल्यापासून नाही, कारण कॉम्प्युटर फाइल तयार करून पाठवतो तोही आपलाच वेळ आहे. पान पूर्ण ट्रेत पडलं की वेळ थांबली.

एका पानाची फाइल तीन अवस्थांमध्ये छापा. सकाळी प्रिंटर बंद असताना चालू करून लगेच, मग अर्धा तास नुसता ठेवून तो झोपल्यावर, आणि मग एक पान छापून झाल्या झाल्या. प्रत्येक अवस्थेत तीन वेळा मोजून मधला आकडा घ्यायचा, म्हणजे १२, १९, १३ आले तर १३ धरायचे, सरासरी काढू नका कारण एखादवेळी मशीन मध्येच स्वतःची साफसफाई करायला लागतं आणि तो एकच आकडा सगळी सरासरी बिघडवतो. लेझरमध्ये झोपेतून उठायला वेळ लागतो कारण आतला रोलर, ज्याला फ्यूजर म्हणतात, तो तापावा लागतो. इंकजेटला तापायचं नसतं, पण सकाळी चालू केल्यावर तो बराच वेळ खडखड करत हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, तयार करत बसतो. दिवसभर तुरळक गिऱ्हाईक असणाऱ्या दुकानात झोपेतून उठायचा आकडाच सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी मोजत नाही.

सलग वेगासाठी २० पानांची फाइल द्या. पहिलं पान पडलं ती वेळ आणि शेवटचं पडलं ती वेळ लिहा. समजा पहिलं ११ व्या सेकंदाला आणि विसावं १३१ व्या सेकंदाला, तर मधल्या १२० सेकंदांत १९ पानं आली, म्हणजे मिनिटाला साडेनऊ. २० नाही १९, इथे बरेच जण चुकतात.

हे दोन आकडे हातात आले की कुठल्याही कामाला किती वेळ लागेल ते काढता येतं. पहिल्या पानाचा वेळ अधिक उरलेल्या प्रत्येक पानाचे सेकंद. धरा एक लेझर पहिलं पान ८ सेकंदांत देतो आणि नंतर मिनिटाला ३०, म्हणजे दर पानाला २ सेकंद. दुसरा टँकवाला इंकजेट, म्हणजे ज्याच्या टाकीत बाटलीतनं शाई भरतात तो, पहिलं पान १० सेकंद आणि नंतर मिनिटाला १०, दर पानाला ६ सेकंद. एका पानाला ८ विरुद्ध १०, काही फरक नाही. चाळीस पानांना लेझरचे ८६ सेकंद आणि इंकजेटचे २४४, म्हणजे चार मिनिटं. दिवसातून चाळीस पानी काम किती वेळा येतं हे तुम्हाला माहिती, मग त्या हिशोबाने ठरवा वेगासाठी जास्त पैसे घालायचे का.

स्कॅन केलेली जड पीडीएफ मुद्दाम घेतलीय कारण तिथे खोक्यावरचा आकडा पार कोसळतो, प्रत्येक पान म्हणजे एक मोठा फोटो असतो आणि तो प्रिंटरला पोचायलाच वेळ जातो. मराठीचं अजून एक आहे, काही पीडीएफमध्ये फॉन्ट नीट बसवलेला नसतो आणि छापताना जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. मग आपण 'प्रिंट ॲज इमेज' टिक करतो आणि अक्षरं बरोबर येतात, पण वेळ वाढतो. तुम्हाला हे रोज करावं लागत असेल तर ते टिक करून पण एकदा मोजा.

दोन्ही बाजूंची छपाई आपोआप करणारा प्रिंटर असेल तर तीच २० पानी फाइल तशी पण छापून बघा. इंकजेट पहिली बाजू वाळायला मध्ये थांबतो, लेझरला पान उलटवून परत आत घ्यावं लागतं, त्यामुळे वेग बऱ्यापैकी पडतो. कागद मात्र निम्मा वाचतो, आणि तो किती मोठा खर्च आहे ते पुढे येतंयच.

कॉपी आणि स्कॅन

ऑल-इन-वन घेतो आपण यासाठीच, आणि मोजताना मात्र सगळे नुसती प्रिंटच मोजतात. झाकण उघडून काचेवर कागद ठेवण्यापासून कॉपी हातात येईपर्यंत मोजा, हाताची हालचाल धरून. आधारची कॉपी करताना बऱ्याच मशीनला आयडी कॉपीचं वेगळं बटण असतं, पुढची बाजू ठेवा, स्कॅन होतं, कार्ड उलटा, परत स्कॅन, मग दोन्ही बाजू एकाच पानावर. पुढची बाजू झाल्यावर मशीन किती वेळाने "उलटा" म्हणतं ते बघा, काही मशीन तिथेच रेंगाळतात. हे काम माझ्याकडे दिवसात इतक्या वेळा असतं की इथले पाच सेकंद मला मिनिटाच्या वीस पानांपेक्षा महाग वाटतात.

वरून कागद ओढणारा फीडर असेल तर दहा पानांचा गठ्ठा लावून मोजा, आणि त्यात दोन पानं जुनी, घडी पडलेली ठेवा, कारण लोक खिशातनं काढलेलीच कागदं आणतात. नव्याकोऱ्या पानांवर सगळेच फीडर छान चालतात.

स्कॅनला ३०० डीपीआय ठेवा. ६०० केलं की माहिती चौपट होते, कारण उभं पण दुप्पट आणि आडवं पण दुप्पट. फॉर्मच्या साइटला शेवटी काही केबीतच फाइल लागते, तेव्हा ६०० वर स्कॅन करून परत बारीक करत बसण्यात अर्थ नाही. स्कॅनची वेळ बटण दाबल्यापासून फाइल फोल्डरमध्ये सेव्ह होईपर्यंत.

आता खर्च, इथे जरा सावकाश

शाईच्या बाटलीवर किंवा टोनरवर, म्हणजे लेझरच्या पावडरच्या डबीवर, लिहिलेली पानं कशी येतात ते समजलं की निम्मं काम झालं. ब्लॅकचं टेस्टचं पान साधारण ५ टक्के भरलेलं असतं असं धरतात. ए४ च्या ५ टक्के म्हणजे साडेपाच सेंटीमीटर बाजूचा एक काळा चौकोन, तेवढीच शाई पानभर अक्षरांत वाटलेली. आपला टेबलांनी भरलेला उतारा, ठळक मथळ्याची जाहिरात, मागे वॉटरमार्क असलेला दाखला, हे सगळं त्याच्या वर जातं. शिवाय ती टेस्ट जवळजवळ सलग छापून करतात, म्हणजे मध्ये बंद-चालू आणि साफसफाईत जाणारी शाई त्यात फारशी येत नाही. आणि नव्या टँक प्रिंटरमध्ये पहिल्यांदा शाई भरता तेव्हा त्यातली बरीच नळ्या आणि हेड भरण्यात जाते, म्हणून पहिल्या बाटलीवरनं हिशोब कधीच करू नका.

अजून एक गैरसमज. एप्सनच्या ००३ शाईला ब्लॅकची ६५ मिलीची बाटली ४५०० पानं आणि कलर ७५०० पानं असं देतात. ते ७५०० तिन्ही कलर बाटल्या मिळून, एकेक बाटलीचे नाहीत. बाटली समजा ३५० रुपयांना धरली तर ब्लॅक पानाला ८ पैसे, आणि कलरला १०५० भागिले ७५०० म्हणजे १४ पैसे अधिक ब्लॅकचे ८, असे २२ पैसे. याच्यासमोर कार्ट्रिजवाला, म्हणजे शाईची बंद डबी बदलायचा प्रिंटर ठेवा, एचपीचं ८०३ छोटं ब्लॅक कार्ट्रिज १२० पानांचं, ते समजा ९०० रुपयांना पडलं तर पानाला साडेसात रुपये. लेझरमध्ये जुन्या एम१००५ चं १२ए टोनर २००० पानांचं. किमती रोज बदलतात म्हणून मी सगळीकडे समजा म्हणतोय, तुमच्या गावातला भाव घाला.

आता आपलं स्वतःचं मोजू. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा पाहिजे, स्वयंपाकघरातला १ ग्रॅमवाला इथे चालत नाही. कार्ट्रिजवाला प्रिंटर असेल तर सोपं आहे: कार्ट्रिज काढून वजन करा, ५० पानं तुमच्या कामाची छापा, परत वजन करा.

टँकवाल्याला टाकी काढता येत नाही, म्हणून उलटं करायचं. नवीन बाटली घ्या, भरलेली असताना वजन लिहा. प्रिंटर सपाट जागी ठेवून टाकी वरच्या रेषेपर्यंत भरा, रेषेवर बारीक चिकटपट्टी लावा. मग बाटलीचं वजन परत लिहा. सेटिंग रिपोर्ट छापून त्यातला पानांचा काउंटर लिहून घ्या. आता पंधरा वीस दिवस नेहमीसारखं काम करा, काही मुद्दाम छापू नका. निदान ५०० पानं झाली की परत त्याच रेषेपर्यंत भरा आणि बाटली परत तोला. टाकीतली पातळी एक मिलिमीटर चुकली तरी हिशोब हलतो म्हणून १००० पानं झाली तर आणखी चांगलं.

समजा बाटलीतली शाई, म्हणजे भरलेल्या वजनातनं रिकाम्या बाटलीचं वजन वजा करून, ६८ ग्रॅम होती आणि ५०० पानांना ११.२ ग्रॅम गेली. ३५० रुपयांच्या बाटलीतले हे ५७ रुपये ६५ पैसे झाले, पानाला साडेअकरा पैसे. कागदावर ८ होते. हा जो वरचा फरक आहे तो तुमच्या पानांच्या जाडपणाचा आणि साफसफाईचा.

साफसफाईचं वेगळं बघायचं असेल तर आणखी एकदा सगळ्या रंगांच्या रेषा जुळवून घ्या, एक हेड क्लीनिंग करा आणि परत भरताना प्रत्येक बाटलीचं वजन किती कमी झालं ते बघा, मात्र मोठं, नळ्यांसकट धुणारं पॉवर क्लीनिंग मोजण्यासाठी म्हणून करू नका, ते खूप शाई पितं आणि खालचा वेस्ट पॅड, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणारा पॅड, भरतं. आणि एक कळकळीने सांगतो, इंकजेट प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, भिंतीवरच्या बोर्डावरनं नाही. बटणाने बंद केला की हेड जाऊन टोपीत बसतं, बोर्डावरनं बंद केला की ते उघडंच राहतं आणि वाळतं. माझ्या एका मित्राने वर्षभर रात्री मेन स्विच पाडला आणि प्रिंटरला शिव्या देत बसला. लाइट सारखी जात असेल तर इंकजेटला छोटा यूपीएस द्या. लेझरला मात्र त्या छोट्या यूपीएसवर लावू नका, फ्यूजर तापताना एकदम जास्त करंट ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो.

लेझरचा टोनर तोलण्यापेक्षा त्याच्यावर स्केचपेनने बसवल्याची तारीख आणि काउंटर लिहा, संपल्यावर परत काउंटर लिहा. 'टोनर लो' दिसलं की लगेच काढू नका, काढून आडवा हलवून परत लावला की बरीच पानं अजून निघतात, प्रिंट खरंच फिकी यायला लागली की संपला म्हणायचं. ज्यांचा ड्रम, म्हणजे पावडर कागदावर उतरवणारा रोल, वेगळा असतो त्यात त्याचा खर्च विसरतात लोक. ब्रदरच्या बऱ्याच मॉडेलना ड्रम साधारण १२,००० पानांचा असतो, तो समजा ३६०० रुपयांचा असेल तर पानाला ३० पैसे झाले, टँकच्या ब्लॅक शाईच्या तिप्पट चौपट.

मग बाकीचं जोडा. कागद: ५०० पानांचं रीम ३०० रुपये धरलं तर पान ६० पैसे. बघा, टँक प्रिंटरमध्ये शाईपेक्षा कागद पाच सात पट महाग पडतोय, म्हणजे तिथे शाई वाचवायच्या नादात फिकट छापण्यापेक्षा वाया जाणारी पानं कमी करणं जास्त फायद्याचं. त्यासाठी टेबलाखाली एक वेगळं खोकं ठेवा आणि अडकलेली, डाग पडलेली, चुकीची सगळी पानं महिनाभर त्यातच टाका. महिन्याने मोजा. १००० पानांत ४० खोक्यात निघाली तर खर्च १००० ने नाही, ९६० ने भागायचा.

विजेचं फार डोक्यात घेऊ नका. इंकजेट छापताना एखाद्या एलईडी बल्बएवढीच खातो, लेझर तापताना काही शे वॅट घेतो पण थोडाच वेळ. प्लगमध्ये लावायचा मीटर असेल तर आठवडाभर लावून बघा, नाहीतर सोडून द्या.

प्रिंटरची किंमत मात्र धरा. समजा कार्ट्रिजवाला ४००० ला आणि टँकवाला १४,००० ला. फरक १०,००० रुपये, आणि पानामागे वाचतात साधारण ७ रुपये ४० पैसे. म्हणजे सुमारे १३५० पानांत फरक वसूल. महिन्याला १०० पानं छापणाऱ्या घरात हे साडेतेरा महिने झाले, माझ्यासारख्याकडे काही आठवडे. पण ज्यांच्या घरी महिन्याला पाच दहा पानंच निघतात त्यांना मी टँक सांगत नाही, शाई वाळून साफसफाईतच जाते. त्यांनी साधा ब्लॅक लेझर घ्यावा, पावडर वाळत नाही, आणि कलर लागलं की दुकानात यावं.

एक टेस्ट पाण्याची

हे स्पीडमध्ये पण येत नाही आणि खर्चात पण नाही तरी सांगतो. छापलेलं पान एक दिवस ठेवा आणि ओळीवर बोटाने पाण्याचा थेंब सोडा. साध्या डाय शाईची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची अक्षरं पसरतात, पिगमेंट शाईची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांच्या रंगाची, आणि लेझरची राहतात. जुलैमध्ये पिशवीतनं दाखला घेऊन चालत जाणाऱ्या माणसाला परत यायला लागलं तर त्याचे गाडीभाड्याचे पैसे आणि एक दिवसाची मजुरी जाते. म्हणून डाय शाईचा प्रिंटर असेल तर दाखले लेझरवर काढा नाहीतर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून द्या, फोल्डरचे पैसे त्या पानाच्या खर्चात धरा.

सगळे आकडे एका पानावर लिहून प्रिंटरच्या झाकणाला आतून चिकटवा: झोपेतून पहिलं पान, तयार असताना पहिलं पान, सलग वेग, आयडी कॉपी, ब्लॅक पानाचा खर्च, कलर पानाचा खर्च, तारीख, काउंटर. सहा महिन्यांनी त्याच फाइल, तीच सेटिंगं, परत मोजायचं. वेग तोच आहे पण शाई जास्त जातेय असं दिसलं तर साफसफाई वाढलीय, नोझल चेक काढा. सलग वेग तोच पण पहिलं पान उशिरा येतंय तर आधी कॉम्प्युटर आणि ड्रायव्हर बघा. आणि खोक्यातली वाया पानं वाढली असतील तर कागद ओढायचा रबरी रोलर ओल्या सुती कपड्याने पुसून, पूर्ण वाळवून परत एक महिना मोजा, त्याने नाही भागलं तरच रोलर बदलायला मेकॅनिकला बोलवा.